नाव कंपनीचं, नोकरी शाखेची: मोठ्या कंपनीतल्या कामाचं परीक्षण

मोठ्या कंपनीतली नोकरी ही एकच वस्तू समजून तिला तारे दिले की सरासरी तीन-साडेतीनच्या आसपास येते आणि ती कुणाच्याच उपयोगाची नसते. पाच तारे देणारा खोटं बोलत नाही, एक तारा देणाराही नाही. दोघं एकाच कंपनीच्या दोन शाखांत असतात, नाहीतर एकाच शाखेत दोन वेगळ्या मॅनेजरांच्या काळात. म्हणून हे परीक्षण मुद्दाम दोन भागांत तोडलं आहे: हेड ऑफिस काय देतं आणि शाखेचा मॅनेजर काय देतो. दुकानांची साखळी असो, गोदाम, कॉल सेंटर, बँकेची शाखा किंवा कारखान्यातला एखादा विभाग असो, ही वाटणी थोड्याफार फरकानं सगळीकडे तीच दिसते.

निकाल आधीच सांगून टाकू. पगार, कागदपत्रं, विमा, नियमांची पुस्तिका: दहापैकी नऊ. कामाची वेळ, सुट्टी, शिकायला मिळणं, बढती, वागणूक: दोनपासून नऊपर्यंत काहीही, आणि तो आकडा ठरवणाऱ्या माणसाचं नाव नेमणूकपत्रावर बहुतेक वेळा नसतं.

हेड ऑफिसकडून येणारा भाग

यात तक्रारीला फार जागा नाही. पगार ठरल्या तारखेला जमा होतो, पगारपत्रक मिळतं, विमा आणि रजेचे दिवस कागदावर लिहिलेले असतात, नोकरी सोडताना हिशेब होतो. लहान मालकाच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

एक मेख मात्र इथेही आहे. पगाराची यंत्रणा मध्यवर्ती असली तरी तिला लागणारी माहिती शाखेतून जाते. जादा तास, रात्रपाळीचा भत्ता, बदललेली पाळी, आजारपणाची रजा हे सगळं मॅनेजरनं ठरावीक तारखेच्या आत मंजूर करायचं असतं. ती तारीख पगाराच्या काही दिवस आधी येते आणि त्यानंतर यंत्रणा बंद होते. मॅनेजर विसरला की पैसे बुडत नाहीत, पण पुढच्या महिन्यात येतात. ‘कंपनी पगारात घोळ घालते’ या तक्रारींतल्या कितीतरी प्रत्यक्षात ‘आमचा मॅनेजर बटण दाबत नाही’ अशा असतात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मंजुरीची शेवटची तारीख विचारून घ्यावी आणि तिच्या दोन दिवस आधी आपले तास यंत्रणेत ‘मंजूर’ दिसतात का ते पाहावं.

एकाच छताखाली इतका फरक कसा?

हा फरक नाराज माणसांच्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेच्या जनगणना विभागाबरोबर अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ३५ हजारांहून अधिक कारखान्यांतल्या व्यवस्थापनाच्या पद्धती मोजल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं निघालं, की कारखान्या-कारखान्यांत जो फरक आहे त्यातला सुमारे ४० टक्के फरक एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या कारखान्यांमधला आहे. मालक एक, पुस्तिका एक, तरीही. गॅलप या संस्थेचा याहून जास्त फिरणारा आकडा ७० टक्क्यांचा आहे. लोक कामात किती मन घालतात यात गटागटांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे असतो असं ते सांगतात. हा आकडा अनेकदा ‘७० टक्के लोक साहेबामुळे नोकरी सोडतात’ असा सांगितला जातो. त्याचा अर्थ तसा नाही.

सगळ्यांत बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याचं. जनरल मोटर्सनं तो १९८२ मध्ये बंद केला तेव्हा तिथली गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास होती आणि कामगार ‘सुधारणार नाहीत’ अशीच त्यांची ख्याती होती. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून ‘नुम्मी’ या नावानं तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच, संघटनाही जुनीच. बदललं ते रोजचं व्यवस्थापन: लहान गट, गटाला हाताशी असलेला प्रमुख, आणि दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवायची कुणालाही मुभा. गैरहजेरी थोड्या काळात दोन-तीन टक्क्यांवर आली. माणसं तीच होती, त्यामुळे दोष माणसांचा होता असं म्हणायला जागाच उरली नाही.

वेळापत्रक: खरी परीक्षा इथेच

पाळीच्या कामात मॅनेजर चांगला की वाईट हे कळायला त्याचा स्वभाव पाहावा लागत नाही, भिंतीवरचं वेळापत्रक पुरतं. त्यामागचं गणित समजून घेतलं तर पुढच्या अर्ध्या तक्रारींचा उगम कळतो.

हेड ऑफिस विक्रीचा किंवा कामाचा अंदाज काढतं आणि त्यावरून शाखेला आठवड्याचे तास देतं. समजा ४०० तास मिळाले. शाखेत पूर्णवेळचे आठ जण, प्रत्येकी ४० तास, म्हणजे ३२० तास तिथेच संपले. उरलेले ८० तास पाच अर्धवेळवाल्यांत वाटले तर प्रत्येकी १६. पुढच्या आठवड्यात अंदाज खाली आला आणि ३६० तासच मिळाले. शाखेचे तास कमी झाले १० टक्के. पण पूर्णवेळवाल्यांचे ३२० हलत नाहीत, म्हणून अर्धवेळवाल्यांच्या ८० मधले ४० जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठ तास येतात. वरून ‘फक्त दहा टक्के’ वाटणारी कपात खालच्या पाच जणांच्या कमाईत ५० टक्क्यांची होते. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही, भागाकार पुरेसा आहे.

मॅनेजरची पारख याच्या पुढे होते. चांगला मॅनेजर अंदाज उतरणीचा आहे हे दोन आठवडे आधी पाहतो, कुणाच्या साठलेल्या रजा त्या आठवड्यात बसवतो, एकदोघांना शेजारच्या शाखेत पाठवतो जिथे माणसं कमी आहेत, आणि उरलेली कपात सगळ्यांत थोडी थोडी वाटतो. वाईट मॅनेजर हातात राखीव तास ठेवून बसतो, वेळापत्रक आदल्या दिवशी लावतो, दुपारी विक्री मंदावली की ‘आज लवकर जा’ म्हणतो, आणि राखलेले तास मर्जीतल्यांना देतो. दोघांच्याही खर्चाचा आकडा महिनाअखेरीला सारखाच दिसतो. म्हणून हेड ऑफिसला यातला फरक दिसत नाही.

दुसरी खूण म्हणजे रात्री बंद करणाऱ्यालाच सकाळी उघडायला लावणं. रात्री अकराला कुलूप लावून सकाळी सातला परत आलं तर मध्ये आठ तास उरतात आणि त्यातूनच येणं-जाणं. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती सांगितली आहे. तो नियम आपल्याला लागू असो वा नसो, मोजपट्टी म्हणून चांगला आहे. महिन्याच्या वेळापत्रकात ११ पेक्षा कमी तासांचं अंतर किती वेळा आलं ते मोजावं. एखाद-दुसऱ्या वेळी आलं तर अडचण असते. दर आठवड्याला एकाच माणसाच्या नावावर येत असेल तर ती सवय झालेली आहे.

अगदी ठरावीक वेळा दिल्या तर धंद्याचं नुकसान होतं, हे उत्तर अनेक ठिकाणी मिळतं. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागांतल्या २८ दुकानांत २०१५-१६ मध्ये संशोधकांनी याची चाचणी घेतली. काही दुकानांत पाळ्यांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा ठरावीक केल्या, मुख्य माणसांना दर आठवड्याला तशाच पाळ्या दिल्या, आपसांत पाळी बदलायला अ‍ॅप दिलं, गरजेच्या वेळी माणसं वाढवली. या दुकानांची विक्री सुमारे सात टक्क्यांनी वाढली. त्याच अभ्यासातला दुसरा भाग कमी सांगितला जातो: वेळापत्रक विस्कटण्याचं मोठं कारण गिऱ्हाइकांचा लहरीपणा नव्हता. मालाच्या गाड्यांची चुकीची माहिती, ऐन वेळी बदललेल्या सवलती आणि वरच्या साहेबांच्या भेटी यांनी ते विस्कटत होतं. म्हणजे गोंधळाचा काही भाग हेड ऑफिसच्या पोस्टानं येतो. तो खालच्यांवर जशाच्या तसा ढकलायचा की स्वतः सोसून कमी करायचा, एवढंच शाखेच्या हातात असतं. पण तेवढंही पुष्कळ आहे.

कॉल सेंटरमध्ये हेच दुसऱ्या रूपात येतं. रोज किती जणांना रजा देता येईल याच्या जागा मध्यवर्ती विभाग उघडतो आणि त्या बऱ्याचदा पहिल्या तासात भरतात. जागा कधी उघडतात हे आपल्या गटाला आदल्या दिवशी सांगणारा टीम लीडर आणि ‘मला वाटलं तुम्हाला माहीत असेल’ म्हणणारा टीम लीडर, या दोघांच्या गटांत वर्षाच्या रजांचा हिशेब वेगळा लागतो. गोदामात तर कामाची वाटणी हेच शस्त्र असतं. तासाला किती नग उचलले यावर मोजणी, पण एका रांगेत हलकी पाकिटं हाताच्या उंचीवर आणि दुसऱ्या रांगेत जड खोकी जमिनीलगत. मोजपट्टी दोघांना एकच. दर दोन तासांनी रांगा बदलणाऱ्या पर्यवेक्षकाकडे आकडे माणसाबद्दल काहीतरी सांगतात. जिथे रांगा ठरलेल्या असतात तिथे कोण कुणाच्या मर्जीत आहे यापलीकडे आकड्यांतून काही कळत नाही.

हजेरी आणि विश्रांती

इथे घोटाळा लहान दिसतो आणि साठत जातो. तीन जागा पाहाव्यात. एक, विश्रांतीची अर्धा तास वजावट यंत्रणा आपोआप करते का? करत असेल तर विश्रांती न मिळालेल्या दिवशी ती रद्द करायला मॅनेजर लागतो आणि गर्दीच्या दिवशी त्याला तेच सुचत नाही. आठवड्यातून दोनदा असं झालं तर महिन्याला चार तासांच्या वर फुकट काम होतं. दोन, बंद करतानाची कामं: गल्ला मोजणं, झाडलोट, कुलूप. हजेरीची नोंद त्याआधी होते की नंतर? तीन, नोंदीत दुरुस्ती कोण करू शकतं आणि केलेली दुरुस्ती कामगाराला दिसते का? बहुतेक यंत्रणा कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवतात. ती मागता येते हे मात्र कुणी सांगत नाही.

उपाय साधा आहे. रोज आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ आपल्या वहीत किंवा फोनमध्ये लिहावी. त्याच दिवशी लिहिलेली नोंद आणि महिन्यानं आठवून लिहिलेली नोंद यांना सारखं वजन मिळत नाही.

मूल्यमापन: निकाल आधी, चर्चा नंतर

वार्षिक मूल्यमापनाबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की मॅनेजर समोर बसवून बोलतो तेव्हा निकाल ठरतो. मोठ्या कंपन्यांत तो त्याआधी काही आठवडे एका बैठकीत ठरलेला असतो. शेजारशेजारच्या गटांचे मॅनेजर एकत्र बसतात, प्रत्येक जण आपल्या माणसांचे गुण मांडतो, आणि वरच्या श्रेणीत किती जण बसू शकतात याची उघड किंवा न बोलता पाळलेली मर्यादा असते. ठरावीक टक्के लोकांना खाली टाकायचंच, ही जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडली. पण बैठक आणि मर्यादा अनेक ठिकाणी नाव बदलून टिकून आहेत.

त्या बैठकीत ‘तो मेहनती आहे’ एवढंच सांगणाऱ्या मॅनेजरची माणसं हरतात. ‘मार्चपासून परत येणारा माल निम्म्यावर आणला, हा कागद’ म्हणणाऱ्याची जिंकतात. तेव्हा तुमची श्रेणी तुमच्या कामाइतकीच तुमच्या मॅनेजरच्या तयारीवर ठरते. बैठकीच्या महिनाभर आधी त्याच्या हातात अर्धं पान द्यावं: चार-पाच कामं, प्रत्येकापुढे आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख. चांगला मॅनेजर ते स्वतःहून मागतो. मधला आनंदानं घेतो. ‘मला माहीत आहे सगळं, कशाला लिहायचं’ म्हणणाऱ्यापाशीही देऊनच ठेवावं, कारण बैठकीत त्याच्या हाती दुसरं काहीच नसेल.

वर्षभर एक शब्द न बोलता मूल्यमापनात सात तक्रारी काढणारा मॅनेजर हा या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत नावडता नमुना. त्याला शिस्तप्रिय म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यानं अकरा महिने आपलं काम केलेलं नसतं.

असे मॅनेजर येतात कुठून

बरेचसे विक्रीतून किंवा कामाच्या आकड्यांतून. जो जास्त विकतो त्याला खुर्ची मिळते. विक्री क्षेत्रातल्या बढत्यांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की कंपन्या उत्तम विक्रेत्यांनाच मॅनेजर करतात आणि त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी मात्र तुलनेनं घसरते. गूगलनं आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास करून चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयींची यादी काढली, तेव्हा शिकवता येणं पहिलं आलं आणि तांत्रिक कौशल्य आठवं.

पण मॅनेजरलाच धोपटून थांबलं तर परीक्षण अर्धवट राहील. त्याच्या वर एरिया मॅनेजर असतो, त्याच्याकडे दहा-पंधरा शाखा, आणि रोज सकाळी सगळ्या शाखांची क्रमवारी सगळ्यांना जाते. शाखा मॅनेजरचा बोनस खर्च, विक्री आणि तपासणीचे गुण यांवर असतो. लोक किती टिकले हा आकडा असलाच तर शेवटी. सोडून गेलेल्याच्या जागी दोन महिने कुणी घेतलं नाही तर त्या तिमाहीचा पगारखर्च कमी दिसतो आणि मॅनेजरची पाठ थोपटली जाते. ती जागा उरलेल्यांच्या अंगावर पडते याला त्या तक्त्यात रकाना नाही.

दबाव किती खालपर्यंत जातो याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. एका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकण्याचं लक्ष्य जिल्ह्या-जिल्ह्यांच्या क्रमवारीतून शाखांवर आलं आणि ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेल्याचं बँकेनं सांगितलं. मात्र दबाव सगळीकडे सारखा नव्हता. काही भागांतल्या प्रमुखांनी तो कित्येक पटींनी वाढवून खाली पोचवला. लक्ष्य वरून एकच आलं तरी मधल्या माणसावर त्याचं रूप ठरतं, ते असं.

उलट बाजूचा पुरावा कापड उद्योगातून आहे. मुंबईजवळच्या कापड गिरण्यांत संशोधकांनी काही कारखान्यांना सल्लागार दिले आणि ३८ साध्या पद्धती लावायला मदत केली: दोषांची नोंद रोज करणं, यंत्रांची देखभाल वेळेवर, सुताचा साठा मांडून ठेवणं, रोजची छोटी बैठक. पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. यातली एकही गोष्ट हुशारीची नाही. रोज करायची आहे, आणि तीच होत नसते.

सर्वेक्षण आणि तक्रारपेटी: दहापैकी चार

वर्षातून एकदा येणारं ‘निनावी’ सर्वेक्षण कंपनीच्या पातळीवर साधारण निनावीच असतं. बहुतेक ठिकाणी ठरावीक संख्येपेक्षा कमी, अनेकदा पाचपेक्षा कमी, उत्तरं आली तर त्या गटाचा वेगळा अहवाल काढत नाहीत. पण सहा जणांच्या गटात मोकळ्या रकान्यात लिहिलेलं वाक्य कुणाचं ते भाषेवरून ओळखू येतं. तिथे प्रसंग लिहू नये, पद्धत लिहावी. ‘मंगळवारी मला थांबवलं’ असं लिहू नये, ‘वेळापत्रक आदल्या दिवशी लागतं’ असं लिहावं.

सर्वेक्षणाच्या आठवड्यात मॅनेजर अचानक गोड झाला, मागे उभं राहून ‘भरलंत का’ विचारू लागला, आणि निकाल शंभर टक्के उत्तरांसह नऊ-दहा गुणांचा आला, तर त्या शाखेचे गुण वाचूच नयेत. सत्तर-ऐंशी टक्के उत्तरं आणि विखुरलेले गुण असलेली शाखा बहुधा बरी असते, कारण तिथे लोक न घाबरता नाराजी लिहितात.

एचआरच्या मदत क्रमांकाचं दुखणं वेगळं. तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि ‘स्थानिक पातळीवर सोडवा’ असा शेरा मारून ती फिरून त्याच मॅनेजरकडे किंवा त्याच्या वरच्याकडे येते. वागणुकीची तक्रार म्हणून नोंदवली की हेच होतं. तीच गोष्ट नियमाच्या भाषेत मांडली, म्हणजे पुस्तिकेतलं कलम, तारखा, तासांची नोंद, तर ती पगार किंवा नियमपालन विभागाकडे जाते आणि तिथे शाखेची ओळख चालत नाही.

रुजू होण्याआधी काय पाहावं

मुलाखतीत कंपनीबद्दल विचारून काही हाती लागत नाही, उत्तर वेबसाइटवर छापलेलंच मिळतं. शाखेबद्दल विचारावं. या जागेवर आधी कोण होतं आणि ती व्यक्ती आता कुठे आहे? बढतीवर गेली असेल तर मॅनेजर नाव घेऊन, हसून सांगतो. ‘काही कारणानं सोडलं’ ऐकलं तर पुढचा प्रश्न विचारावा: या वर्षात याच जागेवर किती जण आले? मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? या आठवड्याचं वेळापत्रक कधी लागलं? मॅनेजर स्वतः या शाखेत कधीपासून आहेत? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण त्या तारखेआधीची सगळी परीक्षणं, चांगली आणि वाईट, रद्द समजायची.

शक्य असेल तर पाळी बदलायच्या वेळेला दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहावं. बाहेर पडणारे वेळेवर पडतात का, की पुढची पाळी येऊनही आधीची अडकलेली आहे? कर्मचाऱ्यांची खोली दाखवली तर भिंतीवरचं वेळापत्रक वाचावं. छापलेल्या कागदावर पेनानं केलेल्या दुरुस्त्या तीन-चार असतील तर ठीक, कागदच ओळखू येत नसेल तर तुमचा आठवडाही तसाच जाणार. त्या खोलीत बसायला जागा आहे की खोकी रचली आहेत, हेही पाहावं. ज्या शाखेत माल ठेवायला बाकडी उचलतात तिथे विश्रांतीचं काय होत असेल ते विचारावं लागत नाही. मुलाखत चालू असताना कुणी येऊन मॅनेजरला काही विचारलं तर त्याचं उत्तर नीट ऐकावं. तुमच्याशी तो पाहुण्याशी बोलावं तसा बोलतोय, त्या माणसाशी रोजच्यासारखा.

आत असाल आणि मॅनेजर वाईट निघाला तर

मोठ्या कंपनीचा खरा फायदा इथे आहे आणि तो फार थोडे वापरतात: कंपनी न सोडता मॅनेजर सोडता येतो. नोकरीची वर्षं, रजा, विमा तसेच राहतात, बदलते ती शाखा. म्हणून अंतर्गत बदलीच्या सोयीला मी दहापैकी आठ देईन, आणि दोन गुण कापेन ते एका अटीसाठी. बऱ्याच ठिकाणी बदलीला सध्याच्या मॅनेजरची संमती लागते, आणि माणूस जितका कामाचा तितकी ती मिळायला उशीर. कामचुकार आठवड्यात सुटतो, खंबीर माणूस सहा महिने अडकतो.

वाट काढायची ती क्रमानं. आधी पुस्तिकेतली अट वाचावी: एका जागेवर किमान किती महिने पूर्ण हवेत, चालू शिस्तीची कारवाई आड येते का, संमती हवी की फक्त कळवणं पुरतं. मग पुढच्या शाखेच्या मॅनेजरशी बोलून जागा मोकळी आहे ना ते पक्कं करावं. त्याला माणूस हवा असतो, त्यामुळे तोच एरिया मॅनेजरकडे शब्द टाकतो आणि तुमच्या अर्जाला वजन येतं. अर्ज यंत्रणेतून करावा, तोंडी नको, कारण यंत्रणेत किती दिवसांत उत्तर द्यायचं याची मुदत असते. सध्याच्या मॅनेजरला अर्ज पोचण्याआधी एक दिवस स्वतः सांगावं. दुसऱ्याकडून कळलं की तो अपमान समजतो आणि कागद अडवायला कारण शोधतो. सुटण्याची तारीख सुचवताना गर्दीचा हंगाम टाळावा, आणि जागेवर येणाऱ्याला शिकवायला दोन आठवडे देतो असं लिहून द्यावं. अडवणुकीचं नेहमीचं कारण ‘इथे माणूस नाही’ हेच असतं, ते त्यानं निम्मं संपतं.

मूल्यमापनाची बैठक दोन महिन्यांत येणार असेल तर ती होऊ द्यावी आणि मग हलावं. मधेच बदली झाली तर जुना मॅनेजर तुमच्यासाठी बोलत नाही आणि नव्याकडे बोलायला काही नसतं. अशा माणसाला बहुतेक ठिकाणी मधली श्रेणी देऊन मोकळे होतात. अपवाद फक्त तासांची लबाडी किंवा अपमान रोजचा झाला असेल तर. तेव्हा श्रेणीची वाट पाहू नये.